दुर्मीळ गिटारी आणि अस्सलतेचा पेच

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने एक मोठी जप्ती जाहीर केली. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांत आशियातून आलेल्या कंटेनरमधून तीन हजारांहून अधिक बनावट ‘गिब्सन’ इलेक्ट्रिक गिटारी हस्तगत करण्यात आल्या होत्या. त्या खऱ्या असत्या तर त्यांची किंमत एक कोटी ८० लाख डॉलरच्या वर गेली असती, असे खात्याने सांगितले. गिब्सन या नावाने विकली जाणारी गिटार केवळ अमेरिकेतच तयार होते. त्यामुळे आशियातून आलेल्या पेटीत ती सापडणे हाच तिच्या खोटेपणाचा पुरेसा पुरावा होता. तपासासाठी फारशी विद्वत्ता लागली नाही.

बनावट मालाच्या व्यापाराची ही ढोबळ बाजू. असा माल बहुधा नवशिक्यालाच फसवतो. हेडस्टॉकवर गिब्सनची अक्षरे ऐटीत झळकतात, पण त्याखालील घंटेच्या आकाराची छोटी झाकणपट्टी दोनऐवजी तीन स्क्रूंनी बसवलेली असते. लाकडाच्या एकसंध नेकऐवजी सांधा दिलेला असतो आणि आतल्या वायरी स्वस्तातल्या असतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, इतकाच त्याचा अर्थ. अनुभवी वादक अशी गिटार हातात घेताच खाली ठेवतो.

खरा पेच आहे तो वेगळ्याच गिटारींचा. ज्या कधी काळी दहा-वीस किंवा फार तर शंभरेक तयार झाल्या, ज्यांचा आकार वा रंग त्या काळच्या ग्राहकांना विचित्र वाटला, ज्या दुकानांत पडून राहिल्या आणि पुढे संग्राहकांनी डोक्यावर घेतल्या, त्यांचा. हजारोंच्या संख्येने निघालेल्या वाद्याची पारख करताना तुलनेसाठी दुसरी हजार वाद्ये असतात. ज्याचे नमुनेच जगात मूठभर आहेत, त्याची तुलना कशाशी करायची? आणि वाद्य जितके दुर्मीळ तितकी किंमत अधिक, किंमत जितकी अधिक तितका नकलेचा मोह मोठा. म्हणजे पारखीची साधने जेथे सर्वात तोकडी, नेमके तेथेच खोटेपणाचे प्रयोजन सर्वात बळकट असते.

याचे अभिजात उदाहरण म्हणजे गिब्सनने १९५८ मध्ये बाजारात आणलेल्या ‘फ्लाइंग व्ही’ आणि ‘एक्स्प्लोरर’ या दोन गिटारी. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष टेड मॅकार्टी यांना गिब्सनवरचा जुनाटपणाचा शिक्का पुसायचा होता. रॉक अँड रोलचे वारे वाहत होते आणि प्रतिस्पर्धी फेंडर कंपनी पुढे निघाली होती. आफ्रिकेतील लिम्बा वृक्षाचे फिकट लाकूड ‘कोरिना’ या व्यापारी नावाने वापरून मॅकार्टी यांनी कोनाकोनांच्या आकृत्या तयार करवून घेतल्या. सुमारे अडीचशे डॉलर किमतीच्या या गिटारींकडे ग्राहकांनी पाठ फिरवली. कारखान्यातून बाहेर पडलेल्या मालाच्या नोंदींनुसार १९५८ आणि १९५९ या दोन वर्षांत फ्लाइंग व्ही गेल्या अवघ्या ९८. एक्स्प्लोररचा आकडा तर वीस-बावीसच्या घरात सांगितला जातो. तो याहून थोडा अधिक असावा, असे मानणारे अभ्यासकही आहेत. आज या गिटारींना एक लाख डॉलरहून कितीतरी अधिक किंमत येते.

या दोन बहिणींना तिसरी बहीणही होती, निदान कागदावर. १९५७ मध्ये गिब्सनने तीन आकृत्यांच्या हक्कासाठी अर्ज केले आणि पुढल्या वर्षी ते मंजूर झाले. त्यातील तिसरी आकृती पुढे ‘मॉडर्न’ या नावाने ओळखली गेली. तिचे रेखाचित्र उपलब्ध आहे, पण १९५०च्या दशकात प्रत्यक्षात बनवलेला एकही नमुना आजवर निर्विवादपणे पुढे आलेला नाही. आपल्याकडे तो आहे असे सांगणारे मात्र अधूनमधून निघतात. गंमत अशी की, १९७०च्या दशकाच्या मध्यास जपानच्या आयबानेझ कंपनीने या आकृतीची नक्कल बाजारात आणली आणि खुद्द गिब्सनने ‘मॉडर्न’ विक्रीला काढली ती १९८२ मध्ये. मूळ वस्तू दुकानात येण्याआधी तिची नक्कल विकली गेल्याचे दुसरे उदाहरण व्यापाराच्या इतिहासात सहजी सापडणार नाही. उद्या एखाद्या तळघरातून १९५७ची ‘मॉडर्न’ खरोखरच बाहेर आली, तर ती खरी ठरवणार कशावरून, हा प्रश्न विनोदाचा नाही. तिच्याशी ताडून पाहण्यास दुसरी ‘मॉडर्न’ नाही. ताडायचे ते फ्लाइंग व्ही आणि एक्स्प्लोररशी, म्हणजे बहिणींच्या चेहऱ्यावरून तिसरी ओळखायची.

त्यात आणखी एक गुंता आहे. नकली वस्तू नियमबाह्य असते आणि अस्सल वस्तू नियमात बसते, असा सर्वसाधारण समज असतो. जुन्या गिटारींच्या बाबतीत तो वारंवार खोटा ठरतो. १९५९ नंतर गिब्सनच्या कारखान्यात कोरिनाच्या काही तयार बॉडी शिल्लक राहिल्या होत्या. १९६२-६३च्या सुमारास त्या जुळवून विकण्यात आल्या. त्यावर सोनेरी मुलाम्याऐवजी त्या काळात हाताशी असलेले निकेलचे सुटे भाग बसले. अशी गिटार १९५८च्या मोजपट्टीला लावली तर खोटी भासेल, पण ती कारखान्यातूनच तशी निघालेली आहे.

फेंडर कंपनीचा किस्साही असाच. १९६५ मध्ये ही कंपनी सीबीएस या प्रसारण समूहाने विकत घेतली. त्यानंतरच्या काळात न खपलेल्या मॉडेलांचे सुटे भाग कोठारात साचले. बारा तारांची ‘इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह’ आणि पाच तारांची ‘बेस फाइव्ह’ यांच्या उरलेल्या बॉडी वाया जाऊ नयेत म्हणून त्या कापून, नव्याने भोके पाडून १९६९च्या सुमारास ‘कस्टम’ आणि ‘स्विंगर’ अशी मॉडेले जुळवण्यात आली. जुन्या भोकांच्या खुणा झाकणपट्टीखाली तशाच राहिल्या. अन्य कोणत्याही गिटारीत अशी बुजवलेली भोके दिसली, तर पारखी ती तत्काळ बाजूला सारील. ‘स्विंगर’मध्ये ती दिसली नाहीत, तर शंका घ्यावी लागेल. काटकसर म्हणून सुरू झालेली ही जुळवाजुळव आज संग्राहकांच्या लेखी मौल्यवान ठरली आहे.

याहूनही बोलके उदाहरण पिकअपचे आहे. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी तारांतील गुणगुण मारणारे दुहेरी वेटोळ्यांचे पिकअप शोधले. त्यासाठी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला. मंजुरी मिळेपर्यंत पिकअपच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची काळी चिकटपट्टी लावली जाई. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे पिकअप ‘पीएएफ’ या नावाने प्रसिद्धी पावले. १९५९च्या जुलैमध्ये पेटंट मिळाले. तरीही जुनी चिकटपट्टी पुढे काही वर्षे चालू राहिली आणि १९६२च्या सुमारास जी नवी आली, तिच्यावर छापलेला क्रमांक होता २७३७८४२. तो या पिकअपचा नव्हेच! तो लेस पॉल यांच्या तारा अडकवण्याच्या पट्टीच्या पेटंटचा क्रमांक आहे. ही चूक होती की प्रतिस्पर्ध्यांना चकवा देण्याची युक्ती, यावर मतभेद आहेत. परंतु परिणाम असा की, खऱ्या पिकअपवर चुकीचा क्रमांक असतो. एखाद्या प्रामाणिक नकलाकाराने पेटंट कार्यालयातून योग्य क्रमांक शोधून छापला, तर तो तत्क्षणी पकडला जाईल. सुट्या पीएएफ पिकअपलाच आज हजारो डॉलर मोजले जात असल्याने बनावट चिकटपट्ट्यांचाही वेगळा धंदा उभा राहिला आहे, हे ओघाने आलेच.

मग पारखी पाहतात तरी काय? पहिली परीक्षा असते ती सोल्डरिंगची. गिटारीच्या पाठीमागची झाकणपट्टी काढली की आवाज कमी-जास्त करणारे पोटेन्शिओमीटर दिसतात. कारागिरांच्या बोलीत ते ‘पॉट’. अमेरिकी पॉटवर आकड्यांचा शिक्का असतो. त्यातील पहिले तीन आकडे उत्पादकाचे : १३४ म्हणजे सेंट्रालॅब, १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचा एक किंवा दोन आकडे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे १३४८३२ असे कोरलेले असेल, तर तो पॉट सेंट्रालॅबने १९५८च्या ३२व्या आठवड्यात बनवलेला असावा.

येथे अनेक खरेदीदार फसतात. पॉटचा शिक्का गिटारीचा जन्मदिनांक सांगत नाही; गिटार त्या तारखेच्या आधीची असू शकत नाही, इतकेच तो सांगतो. कारखाने घाऊक माल घेऊन ठेवत आणि तो महिनोन्महिने वापरत. शिवाय त्या विधानालाही अट आहे : सोल्डरिंग मूळचे असले पाहिजे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे, कोणी हात न लावलेले सोल्डरिंग निस्तेज पडते आणि त्यावर धूळ बसून काळपटपणा येतो. त्यावर पुन्हा इस्त्री फिरली की चकाकी येते. चकाकी दिसली म्हणजे गिटार खोटीच असे नाही. पॉट बिघडतात, बदलावे लागतात. पण त्या क्षणी पॉटची साक्ष बाद होते.

दुसरी परीक्षा अतिनील प्रकाशाची. त्या काळी वापरले जाणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर वयोमानाने पिवळे पडते आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली हिरवट-पिवळसर झळाळते. मागाहून कोठे रंगाचा हात फिरला असेल, तुटलेला नेक सांधून त्यावर फवारा मारला असेल, तर तेवढा भाग गडद डागासारखा उठून दिसतो. दिवा चारशे-पाचशे रुपयांचा असतो आणि त्याने लाखो रुपयांचे नुकसान वाचते. अर्थात, नकलाकारही हाच दिवा वापरतात. नवे लॅकर लवकर म्हातारे कसे करायचे, थंडी-उष्णतेचे झटके देऊन त्याला बारीक तडे कसे पाडायचे, ही विद्या आता गुप्त राहिलेली नाही. फेंडरने १९९५ मध्ये मुद्दाम झिजवलेल्या, जुन्या भासणाऱ्या ‘रेलिक’ गिटारी अधिकृतपणे विकायला काढल्या आणि गिब्सनने २०२१ मध्ये त्याच कामासाठी ‘मर्फी लॅब’ हा स्वतंत्र विभाग थाटला. या गिटारींवर कंपनीच्या खुणा असतात, त्यात लबाडी नाही. पण जुनेपणा बनवण्याचे शास्त्र कंपन्यांनीच प्रतिष्ठित केले, हे नाकारता येणार नाही.

व्हायोलिनच्या जगात लाकडाच्या वलयांवरून वय काढण्याची पद्धत रुळलेली आहे. स्ट्राडिव्हरीच्या वाद्यांवरील वाद तिने काही प्रमाणात मिटवले. इलेक्ट्रिक गिटारीला तिचा फारसा उपयोग नाही. महोगनी आणि लिम्बा ही उष्ण प्रदेशातील लाकडे. त्यांत थंड प्रदेशातील स्प्रूससारखी वर्षागणिक स्वच्छ वलये मिळत नाहीत. मेपल आणि ॲशमध्ये वलये असतात, पण गिटारीतला तुकडा लहान असतो. आणि समजा लाकडाचे वय निघाले, तरी ते लाकडाचे वय, गिटारीचे नव्हे. पुण्यातला एखादा जुना वाडा पाडल्यावर त्याचे सागवानी खांब उचलून नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात बसवले, तर खांब पेशवाईतले असतील. बंगला पेशवाईतला होत नाही.

ही उपमा अवास्तव नाही. गिटारींच्या बाजारात नेमके हेच घडते. १९५८ ते १९६० या काळात गिब्सनने मेपलच्या पृष्ठभागावर लालसर-पिवळ्या छटेची ‘लेस पॉल स्टँडर्ड’ बनवली. या तीन वर्षांत या मॉडेलच्या सुमारे सतराशे गिटारी कारखान्याबाहेर पडल्या आणि त्यांतल्या लालसर-पिवळ्या गिटारी आज जगातील सर्वात महागड्या गिटारींत गणल्या जातात. तिच्याआधीची, १९५२ ते १९५७ मधली सोनेरी रंगाची ‘लेस पॉल’ संख्येने जास्त आणि किमतीने कमी. तेव्हा सोनेरी रंग खरवडायचा, गरज पडली तर वरचे मेपल बदलायचे, नेकचा कोन सुधारायचा आणि लालसर छटा द्यायची, हा उद्योग अनेक कारागिरांनी केला. ‘रूपांतरित’ असे सांगून विकली तर ती सचोटीची वस्तू असते आणि वाजायलाही उत्तम. पण दोन-तीन हात बदलले की ‘रूपांतरित’ हा शब्द गळून पडतो. आतली महोगनी १९५०च्या दशकातली, शिसवी फिंगरबोर्ड त्याच काळातला, पॉट आणि पिकअपही त्याच जमान्याचे. प्रयोगशाळेत प्रत्येक भाग स्वतंत्रपणे खरा ठरेल आणि गिटार मात्र खोटी असेल. तज्ज्ञांची मदार अशा वेळी उरते ती हत्यारांच्या खुणांवर : पिकअपच्या खाचेत राउटर कोणत्या पात्याने फिरला, वायरीसाठीचे भोक कोणत्या कोनातून पाडले, बाइंडिंगची जाडी किती. ही माहिती छापील स्वरूपात कमी आणि लोकांच्या डोळ्यांत जास्त साठवलेली आहे.

अनुक्रमांकावर भिस्त ठेवणारे याहून लवकर तोंडघशी पडतात. १९६०च्या दशकात गिब्सनने तेच तेच क्रमांक पुन्हा वापरले. एकच क्रमांक वेगवेगळ्या वर्षांतल्या भिन्न मॉडेलांवर आढळतो. फेंडरचे जुने क्रमांक नेक जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर कोरलेले असत आणि ती पट्टी चार स्क्रू काढले की दुसऱ्या गिटारीला लागते. या पट्ट्या पेटीतून हाताला येईल तशा उचलून लावल्या जात. पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिलमोर यांच्याकडील ‘०००१’ क्रमांकाची १९५४ची स्ट्रॅटोकास्टर जून २०१९ मध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात १८ लाख १५ हजार डॉलरला गेली. पण क्रमांक पहिला म्हणून ती बनलेली पहिली स्ट्रॅटोकास्टर नव्हे. याच लिलावात गिलमोर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर ३९ लाख ७५ हजार डॉलरला विकली गेली. तिच्यात वर्षानुवर्षे नेकपासून पिकअपपर्यंत असंख्य बदल झालेले होते. मूळ भागांच्या निकषावर ती सपशेल नापास झाली असती. तिची किंमत भागांची नव्हती, सिद्ध झालेल्या इतिहासाची होती.

अलीकडच्या मर्यादित आवृत्त्यांसोबत ‘अस्सलतेचे प्रमाणपत्र’ येते. शंभरपैकी सतरावी, तीनशेपैकी एकशेचौथी अशी नोंद त्यावर असते. बनावट गिटारींसोबतही हुबेहूब प्रमाणपत्र, चामडी पाकीट आणि पेटी मिळू लागल्यापासून त्या कागदाची पत उरलेली नाही. कागद गिटारीपासून वेगळा होतो, तो स्वतंत्रपणे विकलाही जातो. त्यातल्या त्यात बरे इतकेच की, या काळातल्या गिटारीचा क्रमांक कंपनीला कळवून पडताळता येतो. जो विक्रेता क्रमांकाचे छायाचित्र द्यायला टाळाटाळ करतो, त्याचा प्रश्न तेथेच मिटतो.

१९६८ मधील ‘पेझ्ली’ टेलिकास्टरची कथा या संदर्भात पाहण्यासारखी आहे. हिप्पी चळवळीच्या बहरात फेंडरने लाल-गुलाबी वेलबुट्टीचा, म्हणजे आपल्या शालींवरच्या कोयरीच्या नक्षीचा, भिंतीला चिकटवायचा कागद थेट गिटारीवर चिकटवला आणि वर पारदर्शक थर चढवला. एल्व्हिस प्रिस्लेसोबत वाजवणारे जेम्स बर्टन यांनी ती हाती घेतली, तरी साधारण ग्राहकांना ती रुचली नाही आणि वर्ष-दीड वर्षात ती बंद झाली. वरचा थर कालांतराने तडकला, कागद पिवळा पडला. १९८०च्या दशकात फेंडरच्या जपानी शाखेने हीच नक्षी पुन्हा काढली. जपानी बॉडीला १९६८चा अमेरिकी नेक जोडला की बरेच जण फसतात. कारण तारीख लिहिलेली असते ती नेकच्या टोकावर आणि नेक तर खराच असतो.

लाकडाचा प्रश्न केवळ हौशीचा नाही, कायद्याचाही आहे आणि त्यात भारताचा थेट संबंध येतो. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी गिटारींचे फिंगरबोर्ड ब्राझीलच्या शिसवाचे असत. पुढे त्यांची जागा भारतीय शिसवाने घेतली. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात वाढणारे हे लाकूड आज जगभरच्या गिटारींवर आढळते. ब्राझीलचे शिसव १९९२ पासून वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, सर्वात कडक परिशिष्टात आहे. म्हणजे १९५९ची अस्सल ‘लेस पॉल’ सीमेपार न्यायची तर परवाना लागतो आणि १९७०ची त्याच रूपाची गिटार असेल तर नियम निराळे. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण वंशावर निर्बंध आले, तेव्हा भारतीय शिसवाच्या गिटारीही कागदपत्रांच्या कचाट्यात सापडल्या. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवाला नाही. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव खात्याची ओरेगॉन राज्यातील प्रयोगशाळा लाकडाच्या लहानशा ढलपीचे रासायनिक विश्लेषण करून शिसवाची जात सांगू शकते. ही तपासणी लाकूडतस्करीसाठी विकसित झाली. गिटारींच्या पारखीला तिचा आयता उपयोग होतो. मात्र पन्नास लाखांच्या वाद्याची ढलपी काढायला मालक सहसा राजी नसतो.

गिब्सनला याच लाकडाचा फटका बसला होता. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी कंपनीच्या कारखान्यांवर छापे घालून भारतातून आयात केलेले शिसव आणि एबनीचे लाकूड जप्त केले. २००९ मध्ये मादागास्करच्या एबनीवरूनही असाच छापा पडला होता. ऑगस्ट २०१२ मध्ये तीन लाख डॉलरच्या दंडावर प्रकरण मिटले आणि भारतीय लाकूड कंपनीला परत मिळाले. त्या परत मिळालेल्या लाकडापासून गिब्सनने ‘गव्हर्न्मेंट सीरिज’ नावाची मर्यादित आवृत्ती काढली आणि तिच्यासोबत अस्सलतेचे प्रमाणपत्रही दिले. सरकारी जप्तीची अशी जाहिरात करण्याचे धाडस कौतुकास्पद मानायचे की निलाजरे, हे ज्याने त्याने ठरवावे. संग्राहकांनी मात्र ती उचलली.

भाग, क्रमांक, कागद, लाकूड या सर्वांवर मात करणारा पुरावा म्हणजे वस्तूचा अखंड इतिहास. ती कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी. गेल्या काही वर्षांतील तीन घटना या बाबतीत पाहण्यासारख्या आहेत. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस गिटार १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागातून चोरीला गेली होती. ती एका घराच्या माळ्यावर सापडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मॅकार्टनी यांच्याकडे परतल्याचे जाहीर झाले. हॉफनर कंपनीने तिची तपासणी करून ती तीच असल्याचा निर्वाळा दिला. दुसरी घटना कॅनडाचे गायक रँडी बाकमन यांची. १९५७ची त्यांची नारिंगी ग्रेच १९७६ मध्ये टोरंटोतील हॉटेलातून गेली. ४४ वर्षांनंतर एका चाहत्याने जुन्या चित्रफितींतील लाकडाची गाठ, छोटासा काळा ठिपका, लक्षात ठेवून महाजालावरील छायाचित्रांशी ताडली आणि ती टोकियोतील ताकेशी या संगीतकाराच्या हातात आढळली. त्याने ती दुकानातून रीतसर विकत घेतलेली होती. बाकमन यांनी त्याच आठवड्यात बनलेली, तशीच दुसरी ग्रेच शोधून त्याला दिली आणि १ जुलै २०२२ रोजी टोकियोत अदलाबदल झाली. लाखो डॉलरची यंत्रे जे सांगू शकली नसती, ते लाकडाच्या एका गाठीने सांगितले.

तिसरी घटना इतकी गोड नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला २०२५ मध्ये डर्क झिफ या संग्राहकाकडून पाचशेहून अधिक गिटारी मिळाल्या. त्यात कीथ रिचर्ड्स यांनी १९६४ मध्ये दूरचित्रवाणीवर वाजवलेली १९५९ची ‘लेस पॉल’ आहे. रोलिंग स्टोन्सचे माजी वादक मिक टेलर यांच्या वतीने असा दावा करण्यात आला की, ही गिटार पुढे टेलर यांची होती आणि १९७१ मध्ये फ्रान्समधील ध्वनिमुद्रणाच्या काळात ती चोरीस गेली. ती टेलर यांच्या मालकीची असल्याचा कोणताही पुरावा नाही, अशी संग्रहालयाची भूमिका आहे. ही गिटार खरी असल्याबद्दल येथे कोणाचेच दुमत नाही. अस्सलता सिद्ध झाली की सारे प्रश्न संपतात, असे मानणाऱ्यांनी या प्रकरणाची नोंद घ्यावी.

राहतो प्रश्न निवाडा करणाऱ्याचा. सोन्याला हॉलमार्क आहे, हिऱ्याला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आहे. जुन्या गिटारीसाठी सर्वमान्य, तटस्थ अशी संस्था नाही. पारख करतात ते बहुतांशी विक्रेतेच. ज्याच्या दुकानात तशाच चार गिटारी विक्रीला आहेत, तो पाचवी खोटी ठरवतो तेव्हा ते ज्ञान असते की व्यापार, हे बाहेरच्याला कळण्यास मार्ग नसतो. गिब्सनने स्वत: जुन्या गिटारी तपासून विकण्याची योजना सुरू केली आहे. पण जी कंपनी त्याच मॉडेलांच्या नव्या आवृत्त्या विकते, तिने जुन्यांचा निवाडा करावा यातही हितसंबंध आहेच. मोठी लिलावगृहे शीर्षकातील वर्णनापुरती, साधारणत: पाच वर्षांची हमी देतात, बारीक अक्षरांतल्या तपशिलांना ती लागू नसते. याचा जाच खोट्या गिटारीच्या मालकापेक्षा कधी कधी खऱ्या, पण चाकोरीबाहेरच्या गिटारीच्या मालकाला अधिक होतो. निकेलचे भाग असलेली ती कोरिनाची गिटार आठवावी : एका बड्या विक्रेत्याने मान हलवली की तिची किंमत निम्म्यावर येते, आणि तोच विक्रेता दुसऱ्या दिवशी ती निम्म्यात घेण्यास तयार असतो.

भारतात हा बाजार लहान आहे, पण वाढता आहे. १९९१ पूर्वी आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी गिटार ही परदेशवारी करणाऱ्या नातेवाइकांकडून किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्यांकडूनच यायची. सामान्य विद्यार्थ्याच्या हाती पडे ती ‘गिव्हसन’ किंवा ‘हॉबनर’. या नावांचा ध्वनी कोणत्या परदेशी नावांशी जुळतो, हे सांगायला नको. पण ती आपल्या नावाने आणि आपल्या किमतीत विकली जात, त्यांना कोणी १९५९चे म्हणत नसे. आता मुंबई, पुणे, पणजीच्या तरुण वादकांच्या हाती पैसा आहे आणि परदेशातून जुनी गिटार मागवणे काही बोटांच्या हालचालींचे काम झाले आहे.

फसवणूक झाली तर कायदा आहे. व्यापारचिन्ह अधिनियम १९९९च्या कलम १०३ नुसार खोटे चिन्ह लावणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. २००७च्या नियमांनुसार सीमाशुल्क खाते असा माल बंदरातच अडवू शकते. मात्र हे झाले चिनी बनावटीच्या ‘गिब्सन’बद्दल. १९८२ची खरी गिब्सन १९५८ची म्हणून विकली, तर व्यापारचिन्ह खोटे नसते. खोटे असते वर्ष. ते प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या ३१८व्या कलमाखाली येते आणि तेथे विक्रेत्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. ‘मलाही तसेच सांगून विकली गेली होती’ हे त्याचे उत्तर ठरलेले असते. विक्रेता परदेशात असेल, तर तक्रार नोंदवण्यापासूनच अडचण.

म्हणून या बाजारात मुरलेले लोक पैसे देण्याआधी ठरावीक गोष्टी लेखी मागतात : पावतीवर ‘जुनी गिटार’ असे मोघम न लिहिता वर्ष, मॉडेल आणि बदललेल्या प्रत्येक भागाचा उल्लेख; पाठीमागच्या पोकळीची, पॉटवरील शिक्क्यांची आणि नेकच्या टोकाची छायाचित्रे; अतिनील दिव्याखाली घेतलेली पुढची-मागची दोन चित्रे; आणि परतीची मुदत. विक्रेत्याने यातले काही नाकारले तर ते वाद घालत नाहीत, दुसरी गिटार पाहतात.